हौसाआक्कांचं सरकतं दार

बारामतीत कापसाची जिनिंग होती म्हटलं की आताची पोरं माझ्याकडं अशी बघतात, जसा काही म्हातारा बरळतोय. ऊस, द्राक्षं आणि दूध, एवढंच यांना ठाऊक. अरे बाबांनो, पन्नास सालानंतरची ती सात-आठ वर्षं आठवा म्हणावं कुणाला तरी विचारून. इंदापूरच्या रस्त्याला लागलं की आमच्या इंजिनाची ठकठक लांबून कानावर यायची. थंडी पडली की निरवांगी, सणसर, वडगाव निंबाळकर अशा गावांहून कापसाच्या गाड्या यायच्या आणि फाटकाबाहेर बैल सोडून गाडीवान आपला नंबर यायची वाट बघत चिलीम ओढत बसायचे. फाटकाच्या आत मात्र चिलीम, काडीपेटी सगळं जप्त. मी तिथं कारकून होतो. बायकांची हजेरी, गोदामाच्या किल्ल्या, आल्यागेल्याशी हुज्जत, सगळं माझ्याच गळ्यात. पण माझं राहू द्या. मला सांगायचंय हौसाआक्कांचं.

हौसाआक्का म्हणजे जिनिंगमधल्या बायकांच्या मुकादम. मूळच्या निरवांगीच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, भावाच्या घरात भांडी घासत बसण्यापेक्षा बारामतीत येऊन कामाला लागल्या. हाडापेरानं मोठ्या, आवाज खणखणीत, दात मिश्रीनं काळे. तोंडाचा पट्टा सकाळी भोंग्याबरोबर जो सुरू व्हायचा, तो इंजिन बंद होईपर्यंत. यंत्राच्या आवाजात मॅनेजरचं बोलणं आम्हाला ऐकू यायचं नाही, पण आक्कांची शिवी बरोब्बर जिच्यासाठी असेल तिच्या कानात पोचायची. मला त्यांची भीती वाटायची. खोटं कशाला बोलू, जिनिंगच्या मालकांना, शेठजींनासुद्धा वाटायची.

बाईला त्या कधी नावानं हाक मारत नसत. गावानं मारायच्या. ‘ए वडगाव, पाटी उचल.’ ‘सणसर, यंत्रात बोट घालशील, डोळं उघडं ठेव.’ एकाच गावच्या दोघी असल्या तर थोरली वडगाव, धाकटी वडगाव. मला मात्र ‘कारकून’ म्हणायच्या. मी बारामतीचाच, त्यामुळं माझं गाव त्यांना गावात धरण्यासारखं वाटत नसावं. जेवायला बसल्या की आपल्या भाकरीचे तुकडे करून आजूबाजूच्या बायकांच्या पुढ्यात टाकायच्या, आणि मग फडक्यात हात घालून भाकरी कुणी खाल्ली म्हणून सगळ्यांवर डाफरायच्या. बायका खाली माना घालून हसायच्या. संध्याकाळपर्यंत सरकी काढलेल्या कापसाची, म्हणजे रुईची, बारीक लव प्रत्येकीच्या केसांवर, भुवयांवर बसलेली असायची. अठरा वर्षांची पोरगीसुद्धा म्हातारी दिसायची आणि त्यात आक्का तर सगळ्यांची आजी शोभायच्या.

आता त्या दाराचं सांगतो. आमच्याकडं एका अंगाला यंत्रांची शेड आणि तिला लागूनच रुईचं गोदाम. मधल्या भिंतीत दोन बैलगाड्या शेजारीशेजारी जातील एवढं भगदाड, कारण दिवसभर बायका डोक्यावर रुईच्या पाट्या घेऊन या बाजूचं त्या बाजूला नेत असायच्या. कापसात एखादा खडा नाहीतर खिळा आला आणि यंत्रात गेला की ठिणगी उडते. ठिणगीला रुई म्हणजे काय, विचारूच नका. दुसरीकडं कुठंतरी एक जिनिंग गोदामासकट जळाली, आणि विमा कंपनीनं शेठजींना बजावलं की मधल्या भगदाडाला आगीचं दार बसवा, नाहीतर विमा विसरा.

मग मुंबईहून एक मिस्त्री आला आणि त्यानं दार बसवलं. जाड लाकडी फळ्या, त्यांना दोन्ही अंगांनी पत्रा ठोकलेला. दार वरच्या लोखंडी रुळावर चाकांनी टांगलेलं, आणि रूळ मुद्दाम उतरता. म्हणजे दाराला आपलं आपण खाली घरंगळत येऊन भगदाड बंद करायचीच ओढ. त्याला वर उघडं धरून ठेवायला एक तार, तारेच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन, आणि तारेच्या मध्ये एक मऊ धातूची पट्टी. आग लागली की पट्टी वितळायची, वजन तुटून पडायचं आणि दार धडधडत जाऊन बंद व्हायचं. माणूस लागत नाही, असं मिस्त्री मोठ्या ऐटीत सांगत होता.

दार बसलं त्या दिवशी मिस्त्रीनं सगळ्यांना गोळा केलं. शेठजी खुर्चीवर. नारळ फुटला. मिस्त्रीनं शिडीवर चढून पट्टीखाली पेटती चिमणी धरली. पट्टी लोण्यासारखी सुटली, वजन धप्पदिशी वाळूत पडलं आणि दार घरघरत जाऊन भिंतीला असं भिडलं की आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या आणि दाराच्या पलीकडून तान्ह्या पोराचं रडणं ऐकू आलं.

काय झालं होतं, ते कुणालाही कळण्यासारखं होतं. थंडीचे दिवस. लेकुरवाळ्या बायका पहाटे गारठ्यात पोरं घेऊन यायच्या. त्यांना कुठं ठेवायचं? लिंबाखालच्या झोळीत पोर काकडायचं. अख्ख्या बारामतीत सगळ्यांत ऊबदार अंथरूण होतं ते गोदामातल्या रुईच्या ढिगात. एकीनं हळूच पोर तिथं निजवलं होतं आणि दाराची गंमत बघायला बाहेर आली होती. चौघांनी जोर लावून दार मागं ढकललं, पोर मिळालं, ती बाई लाजली, सगळे हसले. शेठजीही हसले. फक्त आक्का हसल्या नाहीत. दाराकडं बघत उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “कारकून, ह्याला डोळं न्हाईत.”

त्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. दार कधीही बंद होवो, कुणाचं पोर, कुणी बाई, त्याच्या पलीकडं राहता कामा नये.

पहिला उपाय त्यांनी केला तो त्यांच्या स्वभावाला धरूनच होता. कुठूनसा एक तुटका पाटा आणला आणि दाराच्या वाटेत आडवा टाकला. दार सुटलं तरी पाट्याला अडून राहणार. मॅनेजरनं बघितलं आणि तो उचलून फेकला. मॅनेजर पुण्याकडचा, वयानं आक्कांपेक्षा बराच लहान, माणूस भला. त्यानं नीट समजावून सांगितलं की आक्का, दार अडलं तर त्याचा उपयोग काय, विम्याचा साहेब बघेल तर कामच बंद होईल. आक्का ‘व्हय व्हय’ म्हणाल्या आणि दुपारी पाटा परत जागेवर. मॅनेजर फेकायचा, आक्का आणायच्या. मला दोघांचीही दया यायची. एकदा मॅनेजरनं पाटा विहिरीत टाकायला लावला, तर दुसऱ्या दिवशी तिथं जात्याची तळी दिसली.

दाराशी त्यांचं बोलणंही चालायचं. ‘भवानी’ म्हणायच्या त्याला. जेवणाच्या सुट्टीत दाराशेजारी भिंतीला टेकून बसल्याबसल्या डुलकी घ्यायच्या, पण एक हात पत्र्यावर. जरा कुणी धक्का दिला की डोळे उघडायच्या. मॅनेजरनं चाकांना लावायला ग्रीस आणून दिलं, तर त्याच्या वासानं डोकं दुखतं म्हणून त्या स्वतःच्या घरचं करडईचं तेल वाटीतून आणून घालायच्या. आता बघा, जे दार चालू नये म्हणून पाटा टाकायचा, त्याच दाराची चाकं तेल घालून हलकी ठेवायची. मी हे बोलून दाखवलं तर मला म्हणाल्या की कारकून, सासुरवाशिणीला कोंडलं तरी खायला घालावंच लागतं.

मग एक दिवस ठिणगी पडलीच. आग तशी मोठी नव्हती. वाळूच्या बादल्या, पाणी, आरडाओरडा, आणि शेडमधली आग विझली. पण पट्टी वितळली होती, दार सुटलं होतं आणि अर्ध्या वाटेत त्या जात्याच्या तळीला अडून उभं राहिलं होतं. उरलेल्या वाटेनं जळती लव उडून गोदामात गेली आणि रुईचे दोन ढीग पेटले. माणसं सगळी सुखरूप. पण ऐन हंगामात जिनिंग बंद पडली आणि बायकांना घरी बसावं लागलं. घरी बसलेल्या बायका काय बोलत होत्या ते माझ्या कानावर येत होतं. थोरली वडगाव तर फाटकाशी येऊन सगळ्यांदेखत म्हणाली की ही बया आमच्या पोटावर उठली. तिचं आणि आक्कांचं तिथून जे बिनसलं, ते पुढं बोलणं असं राहिलंच नाही.

काम पुन्हा सुरू झालं त्या सकाळी मॅनेजरनं सगळ्यांना अंगणात उभं केलं. तो कुणाचं नाव घेणार नव्हता, मला माहीत होतं. पण आक्काच पुढं आल्या. म्हणाल्या, “धोंडा मी ठिवला हुता. माझं चुकलं. काढून टाकायचं तर टाका मला.” मॅनेजर म्हणाला, “आक्का, तुमची भीती खोटी नाही. पण दार अडवून चालणार नाही. दार बंद झालंच पाहिजे आणि आत कुणी राहता कामा नये, दोन्ही कसं जमवायचं ते तुम्ही सांगा.” हे त्यानं मनापासून विचारलं होतं. मला तो माणूस त्या दिवशी फार आवडला.

आक्का दिवसभर गप्प होत्या. त्यांचं गप्प राहणं इतकं अवघड वाटायला लागलं की बायकाच चुकून मोठ्यानं बोलायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या ओच्यात बाभळीच्या खुंट्या घेऊन. दाराच्या शेडकडच्या अंगाला, भिंतीत, डोळ्यांसमोर येतील अशा त्या ठोकून घेतल्या आणि नवा कायदा सांगितला. गोदामात पाऊल टाकायच्या आधी ज्यानं त्यानं आपली वस्तू खुंटीवर अडकवायची, आणि बाहेर आलं की काढून घ्यायची. बायकांनी जवळची जादा चुंबळ अडकवायची. पाटीखाली डोक्यावर घ्यायची ती चुंबळ प्रत्येकीची वेगळी. कुणाची जुन्या लुगड्याची, कुणाची खणाच्या चिंध्यांची. खुंटीकडं एक नजर टाकली की आत कोण आहे ते कळावं. आणि पोर आत न्यायचं नाही. ते नेलं तर तंगडं मोडीन, असं सांगून झालं.

कायदा सगळ्यांना सारखा. हमालानं मुंडासं अडकवायचं. मी टोपी अडकवायचो आणि बोडक्यानं आत जायचो, तेव्हा बायका तोंडाला पदर लावायच्या. एकदा विम्याचा साहेब तपासायला आला. सूटबूट, डोक्यावर मोठी हॅट. तो तडक गोदामात निघाला तशा आक्का आडव्या झाल्या. मॅनेजरला घाम फुटला. आक्का साहेबाला काही बोलल्या नाहीत, नुसतं खुंटीकडं बोट दाखवलं. मॅनेजरनं अडखळत त्या खुंट्यांचं सगळं सांगितलं. साहेबानं चुंबळींची ती रांग बघितली, हॅट काढली आणि धाकट्या वडगावच्या चुंबळीशेजारच्या खुंटीवर नीट अडकवली. बाहेर आल्यावर घ्यायला विसरला, तर आक्कांनी फाटकापर्यंत मागं पळत जाऊन दिली आणि मोटारीच्या काचेतून त्याला दोन शब्दही सुनावले. त्याला मराठी कितपत येत होतं कोण जाणे. हसत होता मात्र.

ते दिवस चांगले होते. आता हे म्हणताना माझ्या लक्षात येतं की तेव्हा मी रोज कुरकुर करत होतो, धुळीनं खोकत होतो आणि कधी एकदा दुसरीकडं नोकरी लागते असं म्हणत होतो. तरी होते चांगले. हंगाम संपत आला की बायका शेंगा भाजून आणायच्या, इंजिनवाला गूळ द्यायचा आणि लिंबाखाली बसून आक्का निरवांगीच्या गोष्टी सांगायच्या. त्या ऐकताना वाटायचं की सगळ्या जगातली लबाड माणसं तेवढ्या एका गावात जन्माला आली असावीत.

पुढं कालव्याच्या पाण्यावर जिकडंतिकडं ऊस उभा राहिला, कापसाच्या गाड्या कमी झाल्या, आणि शेवटच्या हंगामानंतर शेठजींनी जिनिंग पुन्हा चालू केली नाही. चालू करायला शेड शिल्लकच नव्हती, त्या हंगामात ती जळून गेली होती. त्या शेवटच्या आगीच्या दुसऱ्या दिवशी आक्का भावाच्या गाडीतून निरवांगीला गेल्या. मी आगीचा जबाब लिहून देण्यात अडकलो होतो, माझी भेट झाली नाही. त्यामुळं त्यांना मी शेवटचं पाहिलं ते आगीच्या दुपारीच.

जेवणं उरकून काम सुरू झालं होतं. शेडच्या टोकाच्या यंत्रात खळ्‌कन आवाज झाला आणि बघता बघता छताच्या वाशांवर साठलेल्या लवेतून आग पळत सुटली. या खेपेला वाळूच्या बादल्यांनी काही होणार नव्हतं. इंजिनवाल्यानं इंजिन बंद केलं, भोंगा वाजवला, बायका अंगणात धावल्या. मी फाटकापाशी होतो, तिथून आतलं सरळ दिसत होतं. आक्का बायकांना ढकलून बाहेर काढत दारापर्यंत आल्या होत्या. तेवढ्यात वजन पडलं आणि दार सुटलं.

खुंट्यांवर एकच चुंबळ होती. हिरव्या खणाची. सणसरची.

सणसर म्हणजे अगदी पोरसवदा, पहिलटकरीण. तिनं पोर चोरून आत निजवलं होतं आणि त्याला पाजायला गेली होती, हे नंतर कळलं. पोराचा कायदा तिनं मोडला होता, पण चुंबळ अडकवायला विसरली नव्हती. आक्कांनी चुंबळ बघितली, दार बघितलं. मला वाटलं, आता खांदा लावतील आणि दार अडवतील. त्यांच्यात तेवढी ताकद होती. त्यांनी दाराला हातसुद्धा लावला नाही. उरलेल्या फटीतून वाकून आत शिरल्या, आणि त्यांच्या मागं दार भिंतीला भिडलं.

अंगणात एकच आकांत झाला. शेडचा पत्रा तडतडत होता, दारापर्यंत जाणं कुणालाच शक्य नव्हतं. गोदामाला मागच्या अंगानं, रस्त्याकडं, एक फाटक होतं, रुईच्या गाठी गाडीत भरायचं, एरवी कायम कुलूपबंद. किल्ल्या माझ्या कमरेला. मी पळालो. आवाराला सगळा वळसा घालायचा होता, आणि माझ्यामागं सगळ्या बायका रडत, देवाला हाका मारत पळत होत्या. थोरली वडगाव सगळ्यांच्या पुढं. पहिल्या आगीपासून आक्कांशी एक शब्द न बोललेली बाई ऊर बडवत होती. घाईत माझी किल्ली कुलपात जाईना. तिनंच माझ्या हातातून किल्ली ओढून घेतली आणि कुलूप काढलं.

फाटक उघडलं. आत धूर नव्हता. आत काहीच नव्हतं, नुसती थंड सावली आणि पांढरीशुभ्र रुई. ज्या दाराच्या पलीकडं राहण्याची आम्ही इतकी वर्षं धास्ती घेतली होती, तीच बाजू त्या दिवशी आवारातली सगळ्यांत सुरक्षित जागा होती. सणसर ढिगावर बसून पोराला छातीशी धरून मुसमुसत होती. आक्का दाराला तळहात लावून उभ्या होत्या. नंतर सणसर सांगायची की आत आल्या तशा तिला एकदा फटकन मारलं, मग पोराच्या अंगावरून हात फिरवून बघितला आणि जाऊन दारापाशी उभ्या राहिल्या त्या तशाच. पत्रा तापत होता, पण हाताला सोसवत होता.

उजेड पडला तशा त्या वळल्या. सणसरला दंडाला धरून बाहेर घेऊन आल्या. डोकं, भुवया, लुगडं सगळं पांढरं. बाहेर येऊन त्यांनी आम्हा सगळ्यांना रडताना पाहिलं आणि त्यांचं तोंड एकदम उतरलं. आवाज खाली आला. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

“कोन गेलं?”

आक्का एकेकीच्या तोंडाकडं बघायला लागल्या. “थोरली वडगाव हाय. धाकटी हाय. निरवांगीच्या दोघी हाईत. मग कोन ऱ्हायलं आत? सांगा की गं.”

थोरली वडगाव पुढं आली. “तुमीच की, आक्का,” ती म्हणाली. “तुमच्यापायी रडतोय आमी.”

आक्कांना ते कळलंच नाही. त्यांनी मागं वळून गोदामात पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

“माझ्यापायी?” त्या म्हणाल्या. “मला कोन हाय रडायला?”

असं म्हणून त्या रस्त्याच्या धुळीतच मटकन खाली बसल्या आणि त्यांनी पदरात तोंड लपवलं. त्यांना उठवायला कुणी गेलं नाही. एकेक करून सगळ्या बायका त्यांच्या भोवती त्या धुळीत बसल्या, आणि किल्ल्या खाली ठेवून मीही बसलो.